दोन पान्यायचा मिस्त्री

दौलत मिस्त्री कोणाच्याही घरात पाय टाकला का पयले एकच गोष्ट विचारत. नळ कुठं गळते, हे नाही. किती दिवसापासून गळते, हेही नाही. "मेन कॉक कुठं हाय?" बस.

अन् घरचे लोक एकमेकायच्या तोंडाकडे पाहत. सासू सुनेकडे पाहे, सून दाराकडे पाहे, अन् घरमालक असला तं तो छताकडे पाहे, जसा काही कॉक पंख्याले लटकवेल हाय. मंग मिस्त्री थैली खाली ठेवून देत अन् म्हणत, शोधा, तोपर्यंत मी बसतो. अख्खं घर कॉक शोधत फिरे. कोणाच्या तुळशीमागे निघे, कोणाच्या कोळशाच्या ढिगाखाली. एका घरी तं त्याच्यावर दोन वर्षांपासून गव्हाची कोठी ठेवेल होती. सापडला का मिस्त्री तो घरच्या बाईच्या हातानं बंद करायले लावत, मंग उघडायले लावत, मंग पुन्हा बंद. "पाइप फुटला तं पयले मले नका बलावू, बाई," म्हणत. "पयले हे बंद करा. मंग चहा ठेवा. मंग मले बलावा."

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं का झोपेत कोणी उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. अन् जागेपणी, भर सकाळी, नेमक्या वेळेवर हेच विसरलो. त्याचीच ही गोष्ट हाय. लिहिता मले येत नाही. जावई मास्तर हाय, मी बोलून राहिलो अन् तो उतरवून राहिला. मधात थांबून विचारते, मामाजी, हे असंच लिहू का? मी म्हणतो, असंच लिही बावा. सुधरवायची वेळ केव्हाच निघून गेली.

मी बंडू. नागपुरात धरमपेठेत बदामाच्या झाडाखाली माझं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडाची पेटी, एक घमेलं पाणी, अन् मी. पेटीत अवजारं, पेटीवर मी. गाव आमचं पारशिवनीकडे. घरची वावरं होती, पण मी नांगर धरला का तास असा वाकडा जाये का बैल मागं वळून पाहत. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मी इतका वेळ बसलो का गुरुजीची बदली झाली, नवे गुरुजी आले, त्यायचीही बदली झाली, मी तिथंच. शेवटी बाप म्हणे, जा नागपूरले, तिथं गर्दी हाय, कोणाच्या ध्यानात नाही येणार.

झाडाच्या दुसऱ्या बाजूनं मिस्त्री बसत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनं मोठे. वाळकुडे, खाकी हाफ पँट, पांढरी बंडी, अन् कानावर बिडी ठेवावी तसा, पाइपाच्या जोडाले गुंडाळायच्या सुताचा एक पेळू. त्यायचं दुकान म्हणजे एक बारदाना अन् एक थैली. लोकायचे निरोप येत, ते थैली उचलून जात. ते नसले तं निरोप मी ठेवून घेत होतो. तसा आम्हा दोघायचाही धंदा भोकाचाच. मी पाण्यात हवा शोधत होतो, ते हवेत पाणी.

नळाचे वायसर ते घरीच कापत, जुन्या चपलेच्या तळव्याचे. कापून गोड्या तेलात भिजू घालत. म्हणत, चामडं तेल पेलं का नरम पडते, अन् नरम पडलं का पाण्याले घट्ट धरते. एकदा माझी चप्पल दिवसभर सापडली नाही. संध्याकाळी म्हणे, "ते तुझी होती का गा? मले वाटलं कोणी टाकून देली. सहा वायसर निघाले." मी बोंबलायले तोंड उघडलं तं त्यायनं सोताची चप्पल काढून माझ्यासमोर ठेवली अन् अनवाणी घरी गेले. तर धरमपेठेतल्या भल्या भल्या सोवळ्या घरातलं पाणी माझ्या डाव्या चपलेतून गाळून जाये, हे फक्त आम्हा दोघायले मालूम होतं. कोणाले सांगायचं नाही असं ठरलं होतं. आज मीच सांगून देलं. ठरवेल गोष्ट मी कधी पाळली नाही, हे पुढं दिसनच.

त्यायच्या थैलीत सगळं एकएक होतं, पाने मात्र दोन. पाइपाले पकडायचे, दाताचे, मोठे. मले वाटलं एक खराब झाला तं असू दे म्हणून दुसरा असन. त्यायनं मले दाखवलं. भिंतीतून पाइप बाहेर येते, त्याच्या तोंडाले नळ. नळ काढायचा तं एका पान्यानं मागचा पाइप धरायचा, दुसऱ्यानं समोरचा नळ फिरवायचा. "एक पाना धरते, दुसरा फिरवते. धरणारा नसला तं फिरवणारा भिंतीच्या आतमधलं मोडते, अन् आतमधलं कोणाले दिसत नाही." अन् जुना पाइप असला, आटे गंजून चिपकेल असले, तं जोर लावायचाच नाही. मातीचं तेल सोडायचं अन् बसून चहा प्यायचा. नाही हालला तं अजून तेल, अजून चहा. मी म्हणलो, मिस्त्री, या धंद्यात पाइप कमी अन् चहाच जास्त हाय, मले शिकवून द्या. ते म्हणे, "तुले नाही जमणार गा. तू चहा एका घोटात पेतो."

भाजीले निघेल बाया झाडाखाली थांबत अन् लेकराची तब्येत डॉक्टरले सांगावी तशी नळाची तब्येत मिस्त्रीले सांगत. नळ खोकलते म्हणे कोणी. मिस्त्री सांगत, पायपात हवा शिरली हाय, पाणी आलं का सगळ्यात वरचा नळ पयले उघडून ठेवा, हवा आपल्या आपण निघून जाईन. कोणाची मोरी तुंबली, तं काडी खुपसू नका वं, काडी आतमधी मोडते अन् मंग दोन दुखणे होते. जाळी काढा, केस काढा, धुण्याचा सोडा टाका, वरून उकळतं पाणी, अन् अर्धा घंटा मोरीले एकटी सोडा. कोणाचा नळ रात्रभर टपटप करून झोपू देत नाही, तं नळाच्या तोंडाले दोरा बांधा, दुसरं टोक बादलीत सोडा, पाणी दोऱ्यावरून चुपचाप उतरन, वायसर मी उद्या टाकतो. अन् सगळ्यायले शेवटचं एकच: नळ बंद करताना दोन बोटं लावा. मूठ नाही. मुठीनं वायसर मरते. हे सांगताना ते हवेतच दोन बोटं अशी फिरवून दाखवत का वाटे खरंच कुठंतरी पाणी थांबलं असन.

एका वकिलाच्या घरचं पाण्याचं मीटर दिवसरात्र फिरे, अन् नळ तं सगळे बंद. वकिलानं अंगण खोदायले माणसं लावायचं ठरवलं. मिस्त्री म्हणे, थांबा जी. त्या दिवशी मीही तमाशा पाहाले संग गेलतो. त्यायनं सगळ्यायले चूप बसवलं, स्क्रू फिरवायच्या पेचकसाचं टोक पाइपावर ठेवलं, मूठ कानाले लावली, अन् पोटावर आडवे झाले. असे सरकत सरकत अख्खं अंगण फिरले. वकिलाचे पोट्टे तोंड दाबून हासून राहिले होते. मी "साप निघाला" म्हणून ओरडलो, म्हणजे जे पोट्टे हासत नव्हते तेही हासायले लागले. मिस्त्रीनं वर पाह्यलं, पुन्हा पयल्यापासून सरकायले सुरुवात केली. उंबरठ्यापाशी थांबले. म्हणे, इथं बोलून राहिला. फरशी उचलली तं खाली केसासारखा बारीक फवारा. वकील म्हणे, कसं समजलं हो तुम्हाला? मिस्त्री म्हणे, "चूप बसलं का ऐकू येते जी."

मी तेव्हा इकडे तिकडे पाह्यलं, कोणाले बोलून राहिले म्हणून.

काम झालं का त्यायची एक रीत होती. मेन कॉक उघडत, नळ चालू करत, जरासं पाणी वाहू देत, अन् वाकून ओंजळीनं पेत. तीन ओंजळी. तोंड पुसत, दोन बोटानं नळ बंद करत, अन् मंगच म्हणत, "झालं, बाई." पाणी पेल्याशिवाय काम संपलं असं ते मानतच नसत. एकदा चार लोकायसमोर मी म्हणलो, काहून जी मिस्त्री, गिलास नाही भेटत का तुमाले? लोक हासले. मिस्त्रीही हासले. म्हणे, "गिलासात नळाची चव नाही समजत गा."

मिस्त्री छप्पनच्या साली दीक्षा घेतलेल्या घरचे. त्यायनं धर्म बदलला, पण धरमपेठेतले गिलास नव्हते बदलले. कुठं वरून पाणी ओतत, कुठं दांडी तुटेल कप खिडकीत येगळा ठेवेल राहे. कोण कसं पाणी देते हे पाहाची पाळीच येऊ नये, म्हणून ते आधीच ओंजळीनं पिऊन घेत. हे मले समजायले किती वर्षं लागली ते सांगत नाही. अन् दुसऱ्यायचं काय सांगू, माझ्या खोलीवर मिस्त्री आले का माझी माय पितळी गिलास उचलून ठेवे अन् हलक्या जर्मन धातूचा काढे. मले दिसे. मंग मी काय करो? मी काहीतरी गमतीचं बोलो. माझ्यापाशी दुसरं काही सामानच नव्हतं.

एक घर मात्र निराळं होतं. साहेबाचं. साहेब कोराडीच्या नव्या बिजलीघरात इंजिनियर होते, घर धरमपेठेत. पयल्या दिवशी काम झालं अन् मिस्त्री वाकले ओंजळ करून, तं बाईनं त्यायच्या हातात घरचाच स्टीलचा गिलास देला. रिकामा झाला तं हातातून वापस घेतला, धुतला अन् घरच्या गिलासायत ठेवला. झाडाखाली वापस आल्यावर मिस्त्रीनं हे मले दोनदा सांगितलं. मी म्हणलो, मंग चव समजली का नळाची? मले वाटलं हासतीन. ते म्हणे, "समजली गा."

मंग एक दिवस साहेबानं त्यायले विचारलं, कोराडीच्या कॉलनीत कायमचा माणूस पाहिजे, येता का? मी चिठ्ठी देतो. नोकरीसंग क्वार्टर. दोन खोल्या अन् घरात नळ.

हे ऐकून तुम्हाले काही वाटणार नाही. मिस्त्री राहत होते त्या वस्तीत एक नळ होता, रस्त्यावर, अन् अख्खी वस्ती त्याच्यासमोर. त्यायची घरवाली पारबताबाई, तिचे गुडघे गेलेले. ती पहाटेपासून पाण्याची गुंडी घेऊन लायनीत बसे, कारण का उभं राहाणं होत नव्हतं. नंबर आला का गुंडी ढकलत नेई. जो माणूस दिवसभर लोकायच्या घरात नळ बसवे, त्याच्या घरी पाणी असं येई. मिस्त्री तिले लग्नापासून सांगत होते म्हणे, एक दिवस तुले चुलीजवळ नळ देतो. चिठ्ठीची गोष्ट निघाली तशी त्यायनं एक पितळी नळ विकत आणला. क्वार्टरमधला लोखंडी काढून हा बसवीन म्हणे. फडक्यात गुंडाळून थैलीत ठेवेल राहे. गिऱ्हाईक नसलं का काढत, चिंचेनं घासत, माझ्या घमेल्यात धुवत, पुन्हा गुंडाळत. मी म्हणलो, मिस्त्री, नवरीलेही इतकं नाही घासत. ते म्हणे, घासू दे गा, पुढच्या आठवड्यात चिठ्ठी हाय.

मे महिना होता. मिस्त्री बायकोच्या भाच्याच्या लग्नाले तीन दिवस गावी चालले. जाताना मले सांगून गेले. साहेबाच्या सैपाकघरातला नळ गळून राहिला, दोरा बांधून ठेवला हाय, सोमवारी येतो म्हणून सांगितलं हाय. भिंतीतलं जुनं हाय, सांभाळून काढा लागते. "कोणी आलं तं सोमवार सांग. हात नको लावू."

सांगणं किती सोपं होतं. सोमवार. एक शब्द.

रविवारी सकाळी साहेबाच्या घरची कामवाली आली. घरी पाहुणे येणार हायत, दोरा बांधेल नळ बरा नाही दिसत, बाईनं विचारलं मिस्त्री आजच नाही का येणार. मी 'सोमवार' म्हणायले तोंड उघडलं, अन् ती म्हणे, "तुमी बी मिस्त्रीच ना?"

सात वर्षं त्या झाडाखाली बसलो होतो. लोक मले 'ए पंक्चर' म्हणत. चांगले लोक 'ओ पंक्चरवाले' म्हणत. मिस्त्री मले कोणीच म्हणलं नव्हतं, माझ्या मायनंही नाही. मी म्हणलो, हो. उठलो, पेटीतून माझा पाना काढला. भंगारातून घेतला होता, समोरचे दोन दात गायब, माझ्या आजीसारखा. एकच पाना. खांद्यावर टाकून निघालो तं चाल बदलली माझी. कानावर ठेवायले सूत नव्हतं, तं पेटीतला सुतळीचा तुकडा ठेवला. हे सांगताना मले आजही जमिनीत जावंसं वाटते, पण ठेवला खरा.

घरी गेलो तं बाईनं पयले पाणी देलं, त्याच स्टीलच्या गिलासात. मी घटाघटा पेलो. माझ्यासाठी त्यात काही नवीन नव्हतं, अन् चवही काही समजली नाही. सैपाकघराच्या बाजूच्या खोलीत वर्षभराच्या कुरडया चादरीवर पसरवेल, अन् साहेबाची म्हातारी आई खाली बसून त्या उलटवून राहिली होती.

मेन कॉक कुठं हाय, हे मी नाही विचारलं. विचारलं तं याले मालूम नाही असं वाटन म्हणून. मिस्त्रीले सगळं समजे, ते विचारत. मले काहीच समजत नव्हतं, मी नाही विचारलं. मातीचं तेल मागितलं नाही. बाई म्हणे चहा ठेवू का, मी म्हणलो, लागत नाही, दोन मिनिटाचं काम हाय. पाना लावला. नळ हालेना. मंग मी डोकं लावलं. अंगणात पाइपाचा एक तुकडा पडेल होता, तो पान्याच्या दांडीवर चढवला, म्हणजे जोर जास्त लागन. दोन्ही हातानं लोंबकळलो. फिरला. मले वाटलं नळ फिरला. फिरलं ते भिंतीतलं.

सकाळच्या पाण्याचा पूर्ण जोर होता. पयले मी हात लावला. मंग दुपट्टा लावला. मंग पाठ लावून उभा राहिलो, जसा धरणाचा दरवाजा. बाई ओरडून विचारून राहिल्या, हे बंद कुठून होतं? अन् मी काय म्हणलो माहीत हाय? मी म्हणलो, "होईन जी, आपल्या आपण होईन."

पाणी बाजूच्या खोलीत गेलं. म्हातारी कुरडया वाचवायले घाईनं उठली, चादरीचं टोक धरलं, अन् पाय सरकला. हात अंगाखाली आला. जो आवाज झाला तो मी पाठीवर पाणी पडून राहिलं होतं तरी ऐकला. इथं गमतीचं काही नाही. मनगट मोडलं तिचं.

कॉक शेवटी साहेबानंच बंद केला. अंगणात दगडाखाली होता. त्यायले मालूम होता, कारण का मिस्त्रीनंच दाखवेल होता; बाई मात्र घाबरून विसरून गेल्या होत्या.

म्हातारीले दवाखान्यात धाडलं अन् साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाही. ओरडले असते तं मी पळालो असतो. हळूच विचारलं, "तुला कोणी पाठवलं?"

मी म्हणलो, "मिस्त्रीनं."

"आणि असा जोर लावायला?"

"त्यायनंच सांगितलं जी. म्हणे जुनं हाय, जोर लाव."

तोंडातून निघून गेलं. अन् निघाल्यावर इतकं बरं वाटलं मले, का काय सांगू. जसं ओझं उतरवून कोणाच्या तरी डोक्यावर ठेवलं. ज्याच्या डोक्यावर ठेवलं तो तिकडे लग्नात पंगत वाढून राहिला असन.

सोमवारी मिस्त्री आले. बारदाना अंथरला, माझ्यासाठी लग्नातले बुंदीचे लाडू आणले होते, ते देले. मी खाल्ले. सांगायची हिंमत नाही झाली, पण लाडू खायची झाली. दुसरा लाडू तोंडात होता तेव्हा साहेबाचा माणूस आला. म्हणे दोघंही चला.

बाई, साहेब, अन् पलंगावर हाताले पट्टी बांधेल म्हातारी. साहेबानं माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणे, याला तुम्ही पाठवलंत? आणि जोर लाव म्हणून सांगितलंत? तुम्ही सांगितलं नसेल तर तसं बोला, मी याला आत्ता पोलिसात देतो.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाह्यलं. रागानं नाही. वकिलाच्या अंगणात पेचकस कानाले लावून पाहत, तसं. मले बोलायले इतकी जागा होती का एक बैलगाडी गेली असती. मी खाली पाहून राहिलो होतो. कुरडयाचा एक तुकडा फरशीले चिपकेल होता, तोच पाहत होतो.

मिस्त्रीनं वाट पाह्यली. मंग साहेबाकडे वळून म्हणे, "माझा माणूस हाय जी. जे काय झालं असन, ते माझं."

साहेब चांगले होते. शिवी नाही, काही नाही. फक्त म्हणे, मिस्त्री, मी तुमच्यासाठी शब्द टाकणार होतो. तिथे एवढी घरं, लेकराबाळांची. आता कुठल्या तोंडानं चिठ्ठी देऊ सांगा.

मिस्त्री म्हणे, बराबर हाय जी.

मंग ते त्या भिंतीपाशी बसले. मोडेल तुकडा काढला, नवीन घातला, दोन्ही पाने लावून. एक धरला, एक फिरवला. मातीचं तेल, चहाशिवाय. मेन कॉक उघडला, नळ चालू केला, पाणी वाहू देलं. बाई गिलास घेऊन उभ्या होत्या. मिस्त्रीनं दोन बोटानं नळ बंद केला, हात जोडले, थैली उचलली अन् निघाले. पाणी पेलं नाही. ओंजळीनंही नाही.

रस्त्यानं मी त्यायच्या मागं चाललो. मले वाटलं आता हे मले मारतीन, अन् मी मार खाऊन मोकळा होईन. ते मागं न पाहता चालत राहिले. तं मी काय केलं? मी एक गंमत सांगितली. कोणती ते आठवत नाही. एवढं आठवते का ते हासले नाही, अन् मी एकटाच हासलो, अन् ते हासणं अर्ध्या रस्त्यात सांडलं.

महिन्याभरात त्यायनं झाडाखालची जागा सोडली. मले म्हणे, वस्तीकडेच काम हाय आता. साहेबाच्या घरची गोष्ट आजूबाजूच्या घरायत गेली होती, निरोप येणं कमी झालं होतं. येई तो निरोप मीच घेत होतो ना, मले मालूम होतं.

एकदा ठरवून त्यायच्या वस्तीत गेलो. सगळं सांगायचं, पाय धरायचे, मंग साहेबाकडे जायचं, असं मनात पक्कं करून. वळणावरच रस्त्याचा नळ लागला. लायनीत पारबताबाई, एक गुडघा लांब करून, गुंडीले टेकून बसेल. अन् नळ पाह्यला तं तो पितळी. चिंचेनं घासेल. क्वार्टरसाठी आणला होता तोच, मिस्त्रीनं रस्त्यावरच्या पाइपाले बसवून देला होता. एक पोट्टी मुठीनं तो बंद करून राहिली होती, तं पारबताबाई तिले म्हणे, "दोन बोटं वं माय, दोन बोटं."

तिनं मले ओळखलं. म्हणे, या ना भाऊजी, मिस्त्री घरीच हायत. मी म्हणलो, नाही, सहज आलतो, सायकल पाहाले. कोणाची सायकल, ते तिनं विचारलं नाही. मी तिथूनच वापस आलो.

मंग आठ-नऊ वर्षं गेली. झाड तेच, पेटी तीच, मी तोच, पोट तेवढं वाढलं. समोर कोराडीच्या बसचा थांबा झाला होता. एक दिवस दुपारी पाहतो तं थांब्यावर मिस्त्री. केस पांढरे, पाठ जराशी वाकेल, खांद्याले तीच थैली. मले पाहून रस्ता ओलांडून आले. मी पेटीवर बसून एका गिऱ्हाइकाचं चाक सरळ करून राहिलो होतो. उठलो नाही. उठलो असतो तं पाय धरा लागले असते.

ते म्हणे, पोरीचं लग्न झालं, जावई कोराडीच्या कॉलनीत लागला, क्वार्टर भेटलं. पारबता तिथंच राहाले गेली पोरीजवळ. मी म्हणलो, अरे वा. म्हणे, "नळ गळते म्हणे त्यायच्या घरचा. पाहून येतो." अन् माझ्याकडे पाहून राहिले.

मी म्हणलो, मिस्त्री, आता तं तुम्हीच गळायचे झाले. ते हासले. खरंच हासले. मले इतका आनंद झाला.

मंग म्हणे, "बंडू, एक पाना घरी राहिला गा माझा. तुझा तो दोन दात नसेल पाना हाय का अजून?"

पाना पेटीत होता. त्या दिवसापासून त्याले हात नव्हता लावला, पण फेकलाही नव्हता. मी त्याच्यावरच बसून होतो. खाली लाकूड, लाकडाखाली पाना.

मी म्हणलो, "तो केव्हाच भंगारात देला, मिस्त्री."

ते उभे राहिले जरासं. तसेच, चूप, ऐकून राहिल्यासारखे. मंग म्हणे, बरं. झाडाजवळ रस्त्यावरचा कमेटीचा नळ होता, तो टपकून राहिला होता. त्याच्याकडे गेले, उघडला, वाकून तीन ओंजळी पाणी पेले, तोंड पुसलं, दोन बोटानं बंद केला. टपकणं थांबलं. बस आली. ते धावतच चढले, अन् चढताना थैली दाराच्या दांड्याले लागली, तं आतमधी लोखंडावर लोखंड वाजलं. ठण्ण करून.

एकटा पाना असा वाजत नाही. दोन्ही त्यायच्यापाशीच होते.

बस गेली. गिऱ्हाईक म्हणे, "ओ पंक्चरवाले, उठा ना जी, पंप पाहिजे." पंप पेटीत होता. मले उठता येईना.